मोबाइलवर स्टार ट्रेल: अमावास्या, ध्रुवतारा आणि २४० फोटो

स्टार ट्रेल, म्हणजे सरकत्या ताऱ्यांच्या रेघांचा फोटो, काढायचा म्हणजे शटर तास-दोन तास उघडं ठेवून बसायचं, हे फिल्म कॅमेऱ्याच्या काळात खरं होतं. मोबाइलवर तसं करता येत नाही, आणि करायची गरजही नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवायच्या मोडमध्ये, शटर फार तर ३० सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात तारा जेमतेम हलतो. म्हणून ३०-३० सेकंदांचे शंभर-दोनशे फोटो एकामागोमाग काढायचे आणि घरी येऊन एकावर एक चढवायचे. चढवताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलपुरतं एवढंच बघतं, की या सगळ्या फोटोंत तो सर्वांत उजळ कधी होता. ती उजळ नोंद ठेवायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. तारा सरकत गेलेला असतो, त्यामुळे त्याची रेघ उमटते. आकाश मात्र काळंच राहतं, कारण इथे उजेडाची बेरीज होतच नाही.

ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. मध्येच एक फोटो बिघडला तर तो काढून टाकता येतो. समोरच्या देवळावर एकाच फोटोत टॉर्च मारला तरी तो उजेड शेवटच्या चित्रात टिकतो. आणि कुणी चुकून हेडलॅम्प कॅमेऱ्याकडे वळवला तर तोही टिकतो.

ध्रुव किती उंचीवर आहे?

इंटरनेटवर दिसणाऱ्या गोल-गोल वर्तुळांच्या फोटोंमध्ये ध्रुवतारा आकाशात चांगला वर असतो. ते फोटो बहुधा युरोप-अमेरिकेतले. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश, त्यामुळे लडाखमधल्या हानलेला तो सुमारे ३३ अंशांवर दिसतो, नागपूरला २१, नाशिकला २०, पुण्याला साडेअठरा, कोल्हापूरला पावणेसतरा आणि पणजीला साडेपंधरा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे पुण्या-मुंबईकडे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्याही थोडा खालीच.

याचे परिणाम सरळ आहेत. उत्तरेला उंच डोंगर असेल तर ध्रुव त्याच्या मागे जातो आणि वर्तुळांचा मध्यच हरवतो. उत्तरेला मोठं शहर असेल तर त्याचा पिवळा उजेड नेमका ध्रुवाभोवती पसरतो. म्हणून जागा निवडताना शहर आपल्या दक्षिणेला राहील आणि उत्तरेकडचं क्षितिज मोकळं असेल, असं बघा. याचा एक फायदाही आहे. ध्रुव खाली असल्यामुळे बुरूज, दीपमाळ, एखादं एकटं झाड असं काही त्याच्या बरोबर खाली आणता येतं. ध्रुव ५० अंशांवर असेल तर हे मोबाइलच्या लेन्सला फार जड जातं.

ध्रुव शोधायला मार्चपासून जूनपर्यंत संध्याकाळी सप्तर्षी उपयोगी पडतात. पुलह आणि क्रतु, म्हणजे सप्तर्षींच्या चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या कडेवरचे दोन तारे, यांमधलं अंतर क्रतुच्या पुढे पाच वेळा मोजलं की ध्रुव. ऑक्टोबर ते जानेवारीत सप्तर्षी संध्याकाळी खाली गेलेले असतात, तेव्हा इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी दिसणारी शर्मिष्ठा ही तारकांची आकृती बघा. ध्रुव फार तेजस्वी नाही, दुसऱ्या प्रतीचा तारा आहे, त्यामुळे 'आकाशातला सर्वांत मोठा तारा' शोधणाऱ्याची दरवेळी फसगत होते. आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम ॲप सोबत असेल तर हा प्रश्नच नाही. होकायंत्रही चालतं, कारण महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य आहे. फक्त फोनच्या कव्हरमध्ये किंवा होल्डरमध्ये लोहचुंबक असेल तर तो फोनचं होकायंत्र बिघडवतो, हे विसरू नका.

वर्तुळंच हवीत असंही नाही. पूर्वेकडे फोन लावला तर तारे वर आणि उजवीकडे तिरके चढताना दिसतात. पश्चिमेकडे लावला तर ते खाली आणि उजवीकडे उतरतात. मृग नक्षत्राच्या पट्ट्यातल्या रेघा जवळजवळ सरळ येतात, कारण तो पट्टा खगोलीय विषुववृत्तावरच, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवरच आहे. त्यातही रंगांची मजा आहे: मृगातल्या काक्षी ताऱ्याची रेघ तांबूस, राजन्य ताऱ्याची निळसर. हिवाळ्यात दक्षिणेकडे फोन केला तर अगस्ती ताऱ्याची ठळक कमान मिळते. माझं मत विचाराल तर पहिला प्रयत्न मृगावर करावा. तारे तेजस्वी असतात, रेघा लवकर लांब होतात आणि तासाभरात दाखवण्याजोगं काही हाती येतं. ध्रुवाजवळचे तारे छोट्या वर्तुळात फिरतात, त्यांना वेळ द्यावा लागतो.

किती वेळ, याचा हिशोब सोपा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तासाभरात प्रत्येक कमान १५ अंशांची, दोन तासांत ३० अंशांची. ध्रुवाभोवती 'फिरलंय' असं वाटायला दीड ते दोन तास हवेत.

तिथी बघून रात्र ठरवा

भिंतीवरचं कॅलेंडर इथे ॲपइतकंच कामाचं आहे. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस उत्तम. पण समोर गडाची तटबंदी किंवा देऊळ असेल तर शुद्ध चतुर्थी-पंचमी मला अमावास्येपेक्षा बरी वाटते. चंद्रकोर रात्री साडेनऊ-दहापर्यंत दगडावर मंद उजेड पाडते, मग मावळते आणि आकाश काळं होतं. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत साधतात. वद्य अष्टमीला उलट, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, म्हणजे संध्याकाळ मोकळी मिळते.

पावसाळा अर्थातच सोडून द्यायचा. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. दिवाळीची अमावास्या अंधारी असली तरी गावाजवळ फटाक्यांचा धूर असतो, त्यापेक्षा पुढच्या दोन-तीन अमावास्या बघा. लातूर, धाराशिव, सोलापूरकडे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला सगळं गाव शेतात असतं. कुणाच्या शेतावर जेवायचं आमंत्रण असेल तर रात्री तिथेच थांबायची परवानगी मागून टाका, असा योग मुद्दाम जुळवून येत नाही. मार्च-एप्रिलनंतर धुरकट हवेमुळे क्षितिजाजवळचे तारे गळतात, आणि आपला ध्रुव क्षितिजाजवळच.

सूर्य मावळला की लगेच सुरुवात करू नका. महाराष्ट्रात पूर्ण अंधार पडायला सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तास लागतो. तेवढा वेळ फोन लावण्यात आणि जेवण्यात जातोच.

जागांबद्दल: मुंबई, पुणे, नाशिक या तिघांच्या मधला सह्याद्री दिसायला अंधारा वाटतो, पण फोटोत क्षितिजावर कुठून ना कुठून पिवळेपणा येतोच. भंडारदऱ्याचा परिसर, दक्षिण कोकणातले किनारे, मराठवाड्यातली मोकळी माळरानं तुलनेने चांगली. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेला परिसर, म्हणून मान्यता मिळाली. तिथे रात्री फिरायचे नियम मात्र वन खात्याचे, ते पाळायचे. गडावर मुक्काम करायचा असेल तर परवानगी आहे का, हे आधी पायथ्याच्या गावात विचारा, कारण अनेक संरक्षित किल्ल्यांवर ती नसते. सोबत कुणी नसेल तर आकाशदर्शनाच्या मंडळाबरोबर जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाच्या रात्री जागा, सोबत आणि नक्षत्रं सांगणारं माणूस तिन्ही मिळतं. जुन्नरसारख्या बिबट्यांच्या भागात उसाच्या कडेला ट्रायपॉड लावून बसण्यात शौर्य नाही.

सामान

ट्रायपॉड आणि स्क्रूने घट्ट होणारा मोबाइल होल्डर. स्प्रिंगवाला होल्डर फोनला हळूहळू खाली झुकू देतो आणि दोन तासांत रेघांना विचित्र शेपट्या फुटतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, मधली दांडी वर काढू नका. खाली पाण्याची बाटली किंवा सॅक टांगा, पण ती जमिनीला टेकलेली असू दे, लोंबकळली तर वाऱ्याने झोके घेते. ट्रायपॉडच नसेल तर वाळू भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवून तिच्यात फोन रुतवला तरी काम होतं.

पॉवर बँक आणि लांब केबल. केबल ट्रायपॉडच्या पायाला दोन ठिकाणी बांधा, म्हणजे तिचं वजन फोनवर येत नाही. मऊ सुती फडकं, लाल उजेडाचा टॉर्च किंवा टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर, आणि बसायला सतरंजी.

सेटिंग, आणि ती तशी का

कॅमेरा मुख्यच वापरा, ज्याला ॲपमध्ये 1x म्हणतात. अल्ट्रावाइडमध्ये आकाश जास्त मावतं, पण बहुतेक फोनमध्ये त्याचा सेन्सर छोटा आणि लेन्सचं तोंड लहान असतं, त्यामुळे बारीक तारे येतच नाहीत. झूम तर अजिबात नको.

नाइट मोड बंद. हा मुद्दा अनेकांना उलटा वाटतो. नाइट मोड आणि गूगलच्या पिक्सेल फोनमधला ॲस्ट्रोफोटोग्राफी मोड ताऱ्यांचे ठिपके नीट यावेत म्हणून बनवलेले आहेत. पिक्सेल फोनचा तो मोड चार मिनिटांपर्यंत छोटे-छोटे फोटो घेतो आणि सरकलेले तारे पुन्हा एकमेकांवर जुळवतो. आपल्याला जे सरकणं हवंय, नेमकं तेच तो पुसून टाकतो. म्हणून प्रो किंवा मॅन्युअल मोड.

आता शटर. इथे थोडं गणित करू, कारण त्यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो आणि मुख्य कॅमेरा सुमारे ७० अंश आकाश पाहतो. म्हणजे एका अंशाला ५० पिक्सेलच्या आसपास. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा मिनिटाला पाव अंश सरकतो, म्हणजे एक पिक्सेल ओलांडायला त्याला अंदाजे ५ सेकंद लागतात आणि ३० सेकंदांत तो ६ पिक्सेल जातो.

पहिली गोष्ट: तारा एका पिक्सेलवर पाचच सेकंद असेल, तर शटर ३० सेकंद ठेवून रेघ सहापट उजळ होत नाही. ताऱ्याचा ठिपका दोन-तीन पिक्सेलवर पसरलेला असतो हे धरलं, तरी १०-१५ सेकंदांनंतर रेघेत फार भर पडत नाही. उजळत जातं ते फक्त आकाश. म्हणून गावाच्या उजेडात १० ते १५ सेकंद ठेवा, चांगल्या अंधारात ३०. रेघा फिक्या वाटल्या तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा, शटर नाही.

दुसरी गोष्ट: दोन फोटोंमध्ये एक-दोन सेकंदांची फट पडली तर ती अर्ध्या पिक्सेलचीही नसते, दिसणार नाही. फट १० सेकंदांची झाली की रेघ तुटक दिसू लागते. काही फोन प्रत्येक लांब एक्स्पोजरनंतर बराच वेळ 'प्रोसेसिंग' दाखवत बसतात. हे घरीच तपासा. लेन्सवर हात ठेवून ३० सेकंदांचे तीन-चार फोटो काढा आणि एकूण किती वेळ गेला ते घड्याळात बघा. फट मोठी येत असेल तर रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) बंद करून फक्त जेपेग, म्हणजे नेहमीची फोटो फाइल ठेवा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं. रॉ फाइल जागाही भरपूर खाते.

आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. पहिला फोटो काढून बघा, आकाश राखाडी-पिवळं दिसलं तर ४००, काळंकुट्ट असेल आणि तारे मोजकेच दिसत असतील तर १६००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर मध्येच रंग बदलतो आणि जोडल्यावर आकाशात पट्टे दिसतात. ४००० केल्विनच्या आसपास कायम करा. फ्लॅश, एचडीआर, सीन ऑप्टिमायझर, ब्यूटी, सगळं बंद. एआयवाले पर्याय बारीक ताऱ्यांना दाणेदारपणा समजून पुसतात.

फोकस मॅन्युअल, डोंगराच्या चिन्हाकडे म्हणजे अनंताकडे. पण स्लायडर टोकाला नेला की झालं, असं समजू नका, काही फोनमध्ये टोक अनंताच्या जरा पलीकडे असतं. व्याध किंवा गुरूसारखा तेजस्वी ठिपका चौकटीत घ्या, दोन सेकंदांचा फोटो काढा, पूर्ण मोठा करून बघा. स्लायडर केसभर मागे घेऊन पुन्हा एक काढा. ठिपका ज्यात सर्वांत बारीक, तो फोकस. यात दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. बाकी बरंच काही नंतर सुधारता येतं, हे नाही.

एकामागोमाग फोटो कसे काढायचे

दोनशे वेळा बटण दाबत कुणी बसणार नाही, आणि बोट लागलं की फोन हलतोच. फोनच्या कॅमेऱ्यात इंटरव्हल शूटिंग, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ओपन कॅमेरा हे मोफत अँड्रॉइड ॲप घ्या, त्यात 'रिपीट' आहे. पण दुसऱ्या ॲपला किती लांब शटर वापरू द्यायचं हे फोन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे काही फोनवर त्यात ३० सेकंद मिळत नाहीत. अशा वेळी फोनचाच प्रो मोड उघडा आणि ऑटो क्लिकर प्रकारच्या ॲपला शटरच्या बटणावर दर ३२ सेकंदांनी टिचकी मारायला सांगा. जुगाड आहे, पण चालतो.

आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नाही. नाइटकॅप हे विकतचं ॲप घेतलं तर त्यात स्टार ट्रेलची सोय आहे, रेघा डोळ्यांदेखत लांब होताना दिसतात. शाओमीच्या अनेक फोनमध्ये लाँग एक्स्पोजर मोडमध्ये 'स्टार ट्रेल्स' असतं, ह्युवावेच्या फोनमध्ये लाइट पेंटिंगमध्ये. घाई असेल तर हे तयार मोड छान. त्यांची अडचण एकच: शेवटी एकच फोटो हातात येतो. मध्ये विमान गेलं, गाडीचे दिवे आले, तर वेगळं करायला काही उरत नाही.

जागेवर पोहोचल्यावर मी हा क्रम ठेवतो:

१. उजेड असतानाच चौकट ठरवायची. फोन उभा धरला तर जमीन खालच्या पाचव्या हिश्शात ठेवा, ध्रुव मध्याच्या किंचित खाली येतो आणि वर मोठ्या कमानींना जागा राहते.
२. संधिप्रकाशात समोरच्या दृश्याचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवायचा. पुढे लागला तर लागतो.
३. लेन्स पुसायची. बोटाच्या तेलकट ठशाने प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय येतं.
४. एअरप्लेन मोड, गजर बंद, स्क्रीनचा उजेड किमान, बॅटरी सेव्हर बंद. तो चालू असला तर मध्येच ॲप झोपवतो.
५. अंधार पडल्यावर फोकस, मग दोन चाचणी फोटो, मग सुरुवात.
६. पहिल्या चार-पाच फोटोंपैकी एकात टॉर्चने देऊळ किंवा झाड बाजूने उजळायचं. दोन-तीन सेकंद, टॉर्च सतत हलता ठेवून. समोरून मारलेला उजेड सपाट दिसतो.
७. मग लांब जाऊन बसायचं.

अर्ध्या-पाऊण तासाने लाल उजेडात लेन्सकडे एकदा नजर टाका. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी, धरणाजवळ दव पडतं. काच धुरकट झाली तर दोन फोटोंच्या मधल्या क्षणात फडक्याने हलकेच टिपा. फोन स्वतः थोडा गरम असतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मानाने हा त्रास कमी.

सगळं संपल्यावर लेन्स झाकून, त्याच सेटिंगवर चार-पाच काळे फोटो काढा. तापलेल्या सेन्सरचे लाल-निळे ठिपके जोडताना वजा करायला ते लागतात.

घरी: जोडकाम

फोटो केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेत तर ते दाबले जाऊन बारीक तारे जातात. स्टारस्टॅक्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. सगळे फोटो आणि काळे फोटो त्यात टाका, ब्लेंडिंग 'लायटन' (सर्वांत उजळ पिक्सेल घेणारं) ठेवा, सुरू करा. रेघा तुटक दिसल्या तर 'गॅप फिलिंग' निवडून पुन्हा. 'कॉमेट' मोडमध्ये रेघ एका टोकाला विरत जाते. एखाद्या फोटोत ते शोभतं, प्रत्येकात नाही.

जोडण्याआधी फोटो एकेक करून बघण्याचा कंटाळा करू नका. मुंबई-पुण्याच्या आसपास विमानं इतकी जातात की आकाशावर ठिपक्यांच्या माळा पडतात. त्यासाठी अख्खा फोटो टाकून द्यायची गरज नाही. ज्या फोटोत विमान आहे तो कुठल्याही एडिटरमध्ये उघडा आणि विमानाच्या रेघेवर काळा ब्रश फिरवा. सॉफ्टवेअर सर्वांत उजळ पिक्सेल घेतं, त्यामुळे काळा भाग ते दुर्लक्षित करतं आणि आकाश शेजारच्या फोटोंतून भरून येतं. त्या ब्रशखाली एखादी ताऱ्याची रेघ आली तर सहा पिक्सेलची फट पडेल, तीही गॅप फिलिंगने बुजते. हेडलॅम्पने उजळलेल्या जमिनीवरही हाच काळा ब्रश.

तयार चित्र जेपेगमध्ये सेव्ह करा, मग स्नॅपसीड या फोटो एडिटिंग ॲपमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, काळा भाग थोडा खाली ओढा. सॅच्युरेशनला हात जपून लावा. ताऱ्यांचे रंग खरे असतात आणि पुरेसे असतात, रेघा जांभळ्या-हिरव्या दिसू लागल्या की समजावं जास्त झालं.

मूळ फोटो लगेच डिलीट करू नका. दोन तासांचे ३०-३० सेकंदांचे २४० फोटो कुठल्याही व्हिडिओ ॲपमध्ये सेकंदाला २४ या वेगाने ओळीने लावले की १० सेकंदांचा टाइमलॅप्स होतो. त्यासाठी मात्र काळा ब्रश न फिरवलेले फोटो वापरा, म्हणून ब्रश नेहमी कॉपीवरच चालवायचा.